खालच्या खणामागचे नाव

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. वय दोन वर्षे चार महिने.

हसायचे असेल तर आताच हसून घ्या. एवढ्याशा वयात मी जुने कसे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. माझ्या अंगावर ज्या दिवशी शेवटचा रंग वाळला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी शंभरी उरकण्यात आली. माणसांना बालपण, तारुण्य, म्हातारपण असे सगळे रीतसर मिळते. मला मात्र जन्माला आल्याबरोबर म्हातारपणच मिळाले, आणि तेही साखळीने मारून.

माझा जन्म चिंचपोकळीचा. स्टेशनाकडे जाणाऱ्या गल्लीत रामू मेस्त्रींचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचे एवढेच. माझ्याएवढी दोन कपाटे उभी केली की मेस्त्रींना आत यायला तिरके व्हावे लागते. मेस्त्री मूळचे मालवणकडचे, वय सदुसष्ट, कानामागे कायम एक लाल चपटी पेन्सिल. माझ्या जन्माच्या वेळी त्यांच्या हातात एक रंगीत चित्र होते. उंच कपाट, वरच्या बाजूला कमान, काचेची दारे, ताटल्या उभ्या ठेवायला खाचा आणि खाली खण. ते चित्र हितेंद्रने आणून दिले होते. हा हितेंद्र लोकांची स्वयंपाकघरे सजवून देतो. तागाचा सदरा घालतो आणि जे दिसेल त्याला ‘एक नंबर’ म्हणतो.

“काका, ही फ्रेंच कंट्री स्टाइल आहे,” तो म्हणाला. “म्हणजे तिकडच्या गावाकडची.”

मेस्त्रींनी चित्र लांब धरले, जवळ धरले. “फ्रान्सात पण गाव आसतत काय?”

पण काम त्यांनी जीव ओतून केले. सागाची फळी त्यांनी निवडून आणली होती. रंधा मारून झाला की ते डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवत, आणि कुठे कण लागला की पुन्हा पॉलिश पेपर हातात घेत. मनू नावाचे त्यांचे पन्नाशीचे जोडीदार त्यावर हमखास कुरकुरत. सायीच्या रंगाचे चार हात दिल्यावर मी असे काही गुळगुळीत झाले की माशी बसली तर घसरावी. मी स्वतःचीच स्तुती करते आहे, हे मला कळते. पण पुढे जे झाले ते ऐकाल तेव्हा एवढी सूट तुम्ही मला द्याल.

मेस्त्रींची एक रीत होती. काम मनासारखे उतरले की ते खालचा खण बाहेर काढत आणि त्याच्या मागच्या फळीवर पेन्सिलने लिहीत : ‘रामू मेस्त्री, चिंचपोकळी’, आणि साल. त्याखाली त्या कामाला ज्याचा ज्याचा हात लागला असेल त्याचे नाव. मग खण परत आत. गिऱ्हाइकाला याचा पत्ताही नसे. पण आमच्यात, म्हणजे कपाटांत, त्या नावाला मोठा मान. ज्याच्या खणामागे नाव नाही ते कपाट बिनबापाचे.

माझा डावीकडचा खालचा खण मेस्त्रींनी बाहेर काढला. कानामागची पेन्सिल हातात घेतली. आणि नेमका तेव्हाच हितेंद्र दारात उभा राहिला.

“काका, एक नंबर! पण एक प्रॉब्लेम आहे.”

“काय झाला?”

“हे फारच नवीन दिसतंय.”

“नवां केलंय तर नवांच दिसतलां!”

हितेंद्रने मोबाइलवर एक फोटो शोधून दाखवला. त्यात माझ्यासारखेच एक कपाट होते. कडांचा रंग उडालेला, दारांवर ओरखडे, अंगभर किड्यांनी पाडावीत तशी बारीक भोके. मेस्त्रींचा चेहरा पडला. “खयच्या गिऱ्हाइकाची तक्रार इली? माझ्या कामाक कधी कीड लागली नाय.”

तक्रार नव्हे, ते तसेच हवे आहे, हे समजायला मेस्त्रींना दोन कप चहा लागले. समजल्यावर त्यांनी पेन्सिल परत कानामागे खोचली.

“मी माझ्या हातान माझ्या कामाक मारूचंय नाय,” ते म्हणाले आणि गल्लीत पाठ फिरवून उभे राहिले. मनूही त्यांच्यामागून गेले.

शेवटी हितेंद्रनेच बाह्या सरसावल्या. शेजारच्या सायकलवाल्याकडून एक जुनी साखळी आणली आणि मला बडवायला सुरुवात केली. गल्लीतून स्टेशनाकडे निघालेली माणसे थांबली. एकाने विचारले, “काय केलं रे त्या कपाटाने?” दुसऱ्याने सुचवले, “दादा, हात दुखेल, लाथ घाला.” हितेंद्र घामाघूम झाला. मग त्याने पॉलिश पेपरने माझ्या कडा खरवडल्या आणि बारीक ड्रिलने भोके पाडली. एकूण चौदा. मी मोजली, कारण दुखत मला होते.

मेस्त्री आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. खण नुसता आत ढकलला आणि म्हणाले, “नेवा.” मागची फळी कोरीच राहिली. टेंपोत चढताना माझ्या मनात एवढेच होते, की आता माझ्यावर कोणी नाव घालणार नाही.

माझे घर लालबागला, बाविसाव्या मजल्यावर. पूर्वी त्या जागी चाळ होती, तिथल्याच मंडळींना वर जागा मिळाली. कौसल्याबाई पंचेचाळीस वर्षे त्याच चाळीत तळमजल्यावर राहिलेल्या. त्यांचा मुलगा अजित घरूनच काम करतो आणि वाद सुरू झाला की कानाला हेडफोन लावतो. सून मानसी बँकेत आहे. हे स्वयंपाकघर मानसीचे स्वप्न. हितेंद्रने तिला इंग्लंडच्या गावाकडचे, इटलीच्या गावाकडचे आणि फ्रान्सच्या गावाकडचे असे तीन नमुने दाखवले होते. कौसल्याबाईंनी तिन्ही नमुने चष्मा लावून बघितले आणि विचारले, “ही लोकां मासे खय साफ करतत?” हितेंद्रने लगेच वहीत ‘मासे’ असे लिहून घेतले. म्हणून मग बाळंतिणीच्या टपाएवढे पांढरे सिंक आले.

गॅसच्या वर धूर ओढायला जी चिमणी बसवली, तीही तिकडच्या पद्धतीची. दगडी कमान, कमानीच्या दोन्ही बाजूंना नक्षीचे खांब, वर लाकडी फळी. पहिल्याच आठवड्यात गावाहून मीराबाई आल्या, कौसल्याबाईंच्या नणंद. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि चिमणीला मनोभावे नमस्कार केला. “देवघर बरां केलास गो,” त्या मानसीला म्हणाल्या, “पण खाली गॅस कित्याक ठेवलास?” कोणाला त्यांची चूक सांगवेना. त्या फळीवर त्यांनी ठेवलेले झेंडूचे फूल वाळले, तेव्हा कौसल्याबाईंनी दुसरे ठेवले. ते आजतागायत चालू आहे.

चिमणीचा असा मान, आणि माझे काय? मला बघून कौसल्याबाईंनी कपाळावर हात मारला.

“अगो मानसी, ह्यांनी आपल्याक कोणाचां तरी जुनां कपाट दिल्यानी!”

“आई, नवीनच आहे ते. मुद्दाम तसं केलंय.”

“मुद्दाम? मगे पोलिसात जावया.”

मानसीने त्यांना ती पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांना काही पटले नाही. मानसी बँकेत गेली की त्या कामाला लागत. चौदा भोकांत किडा आहे या खात्रीने त्यांनी प्रत्येकात कडुलिंबाचे तेल सोडले. खणांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. मग मेणबत्ती पेटवून एकेक भोक मेणाने बुजवले. शेजारीण आली तर लाज नको, म्हणून हिंदमाताच्या कापडबाजारातून फुलाफुलांचे कापड आणून त्याचा पडदा शिवला आणि माझ्या तोंडावर टांगला. संध्याकाळी मानसी आली की पडदा काढायची आणि टाचणीने मेण उकरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा परत. दोघीही एकमेकींना एक शब्द बोलत नसत. जे काही बोलायचे ते माझ्या अंगावर चालले होते.

महिनाभराने मात्र कौसल्याबाईंचा धीर सुटला. हितेंद्रकडून पत्ता काढून, माझे फोटो घेऊन त्या थेट चिंचपोकळीला गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनीच नंतर अजितला जेवताना सांगितले. त्या भांडायच्या तयारीने गेल्या होत्या. “सुतार म्हणवता आणि असलां काम देता?” असे म्हणत त्यांनी फोटो मेस्त्रींच्या नाकासमोर धरला. मेस्त्री चिडले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

“बाय, ता तुमका दिसला,” ते म्हणाले, “ह्यातच माका सगळा गावला.”

दोघांचे ठरल्याप्रमाणे गुरुवारी सकाळी मानसी बाहेर पडली आणि अर्ध्या तासात मेस्त्री पिशवी घेऊन हजर. मी त्यांना बघितले आणि माझ्या बिजागऱ्या करकरल्या. त्यांनी डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवला, पहिल्यासारखाच, आणि प्रत्येक ओरखड्यापाशी ‘च्च’ केले. डाव्या बाजूने सुरुवात झाली. भोकांत लांबीचा लगदा भरला, कडा घासल्या, सायीचा रंग पुन्हा चढला. कौसल्याबाईंनी त्यांना चहा दिला, पोहे दिले, जेवायला बांगड्याचे तिखले दिले. अजितने दार किलकिले करून पाहिले. “मला यात घेऊ नका, माझा कॉल चालू आहे,” असे म्हणून त्याने दार लावून घेतले.

“आज ही बाजू, उद्या ती,” मेस्त्री म्हणाले. “मगे नाव घालतंय.”

नाव! माझ्या सगळ्या फळ्या शहारल्या. उद्या संध्याकाळपर्यंत मी बापाच्या नावाचे होणार होते. आणि त्याच दिवशी बँकेचे सर्व्हर बंद पडल्यामुळे मानसी तीन वाजताच घरी आली.

तिने पाहिले ते असे : मेस्त्रींच्या हातात ब्रश, कौसल्याबाईंच्या हातात ताट, आणि मी डावीकडे कोरे करकरीत, उजवीकडे शंभर वर्षांचे.

“माझं जुनं कपाट नवीन केलंत तुम्ही?” ती म्हणाली. आणि दुसऱ्या क्षणी ती रडायलाच लागली.

कौसल्याबाई भांडणाला तयार होत्या, रडण्याला नव्हत्या. त्यांनी ताट ओट्यावर ठेवले. मानसी तिथेच लादीवर बसली आणि बोलत सुटली. लहानपणी तिच्या वडिलांनी भाड्याच्या सात खोल्या बदलल्या. परळ, शीव कोळीवाडा, पुन्हा परळ. दर वेळी सामान निम्मे व्हायचे. आजीचे पितळी डबे एका खोलीत राहिले, लाकडी पेटी दुसरीत. “आजीच्या हातातलं एक उलथनंसुद्धा नाही माझ्याकडे. कॅलेंडरवर तसल्या स्वयंपाकघराचं चित्र होतं आमच्याकडे. मी ते बघत अभ्यास करायचे. त्यात असंच कपाट होतं, रंग उडालेलं. मला वाटायचं, यांच्या घरातून कधी कोणी काही टाकलं नसेल. मला फक्त एक वस्तू हवी होती, आई, जी आधीपासून घरात आहे असं वाटेल.”

मित्रांनो, तोवर मला वाटत होते की जे सोसले ते मीच सोसले. त्या दिवशी मला माझ्या ओरखड्यांची पहिल्यांदा थोडी लाज वाटली. मुलीने मागितली होती आजी, आणि हितेंद्रने तिला साखळीचे फटके आणून दिले होते.

मेस्त्रींनी ब्रश पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “बाय, जुनां होवक घरात माणसां लागतत. साखळीन काय होणा नाय.”

मानसीने डोळे पुसले. माझ्या दोन्ही बाजू पाहिल्या आणि तिला हसू आले. “आता राहू दे असंच. एक बाजू आईंची, एक माझी.”

“आणि नाव?” कौसल्याबाईंनी विचारले. “नाव घालतलात मा?”

मेस्त्रींनी मान हलवली. “अर्ध्या कामार नाव घालणा नाय. ही डावी बाजू आपसूक जुनी झाली की माका बोलवा. येतंय.”

झाले! मी अर्धे म्हातारे, अर्धे तान्हे, आणि बिननावाचे ते बिननावाचेच. पण त्या दिवसापासून मला एक काम मिळाले. डावी बाजू जुनी करायची.

वाटते तितके हे सोपे नाही. मेस्त्रींचे काम पक्के होते आणि घरची माणसे फार जपत होती. मी आशेने वाट बघत राहायचे. कौसल्याबाई हळदीचा हात माझ्या मुठीला लावत आणि मी खूश होई, तोच त्या फडक्याने पुसूनही टाकत. एकदा बाजारातून आणलेली कुर्ली पिशवीतून निसटून माझ्या पायाशी आली. मी म्हटले, ये बाई, घाल एक नांगी! पण अजितने तेवढ्यात तिच्यावर पातेले पालथे घातले. त्याच्या आयुष्यात त्याने तेवढ्या चपळाईने दुसरे काही केलेले नाही.

मग घरात बाळ आले. मुलगी. आकांक्षा नाव ठेवले. फ्रान्सच्या गावाकडच्या त्या पांढऱ्या सिंकमध्ये कौसल्याबाई तिला अंघोळ घालत, आणि चिमणीच्या फुलाला नमस्कार करून मग तीट लावत. दहाव्या महिन्यात ती धरून उभी राहायला लागली. धरायला तिने काय निवडले? माझा डावीकडचा खालचा खण. त्यात प्लास्टिकचे डबे आणि कुठल्याच डब्याला न बसणारी झाकणे असतात. ती खण ओढायची, एकेक झाकण मागे फेकायची, खणाची कड दोन्ही मुठींत पकडून उभी राहायची आणि तोंड पुढे आणून ती कड चावायची. नवे दात शिवशिवत होते तिचे. वर दोन, खाली दोन. रोज सकाळी, डाळीला फोडणी पडेपर्यंत, ती मन लावून हे काम करायची.

एके दिवशी मानसीला तिच्या ओठावर सायीच्या रंगाचा कण दिसला. घर डोक्यावर घेतले गेले! डॉक्टरकडे धावाधाव झाली. डॉक्टर म्हणाले, बाळाला काही झालेले नाही, पण आता त्याला कपाट खाऊ देऊ नका. मानसीने हितेंद्रला फोन करून रंगावरून असे फैलावर घेतले की तो तासाभरात दारात. त्याने गुडघे टेकून खणाची कड बघितली. चार चार दातांच्या बारीक खाचा, एकीत एक मिसळलेल्या, मधून मधून उघडा साग.

“हे कोणी केलं?” तो म्हणाला. “एक नंबर! मला साखळीने असं जमलंच नव्हतं.”

“ती बघ, तिकडे रांगतेय,” मानसी म्हणाली. आणि तिने चिंचपोकळीला फोन लावला.

मेस्त्री आले तेव्हा ते थोडे वाकले होते, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. पेन्सिल मात्र कानामागे होतीच. ते लादीवर बसले, खण बाहेर काढून मांडीवर घेतला. त्यांनी पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि कौसल्याबाई ओरडल्या, “त्याका हात लावू नका!”

ज्या बाईंनी माझी चौदा भोके मेणाने बुजवली होती, त्याच बाई हो!

“रंग तेवढो काढतंय, बाय,” मेस्त्री म्हणाले. “पोरीच्या पोटात जाता नये. दात ठेवतंय.”

त्यांनी कडेचा रंग हलक्या हाताने काढला, उघड्या लाकडाला खोबरेल तेल चोळले. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवले. या वेळी ‘च्च’ आले नाही. त्यांनी बोट परत एकदा फिरवले. आकांक्षा रांगत आली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि खणाकडे तोंड नेऊ लागली. मेस्त्रींनी तिला डाव्या हाताने अडवले आणि उजव्या हाताने कानामागची पेन्सिल काढली.

मानसी, कौसल्याबाई आणि हितेंद्र वाकून बघत होते. अजितचा कॉल चालू होता, पण तोही हेडफोन गळ्यात घेऊन आला. मेस्त्रींनी सावकाश लिहिले : ‘रामू मेस्त्री, चिंचपोकळी’. साल लिहिले. खाली मनूंचे नाव लिहिले. हितेंद्रने घसा खाकरला, तेव्हा थोडा विचार करून ‘हितेंद्र (साखळी)’ असेही लिहिले. आणि सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत : ‘आकांक्षा, चार दात’.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी खण आत सरकवताना तो दोनदा अडकला, आणि मेस्त्रींच्या कामात खण कधी अडकत नाही.

आता माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी नवे कपाट आले, तर त्याला पडद्याआड लपवू नका आणि साखळीने मारूही नका. कोरड्या फडक्याने पुसा, बिजागऱ्यांना तेलाचा थेंब घाला आणि रोज वापरा. बाकीचे आम्ही आणि तुम्ही मिळून करू, फक्त आम्हाला वेळ द्या. आणि लालबागला कधी आलात तर माझा डावीकडचा खालचा खण जरूर काढून बघा. झाकणे अंगावर येतील, तेवढी सांभाळा. शेवटच्या ओळीत ‘चार दात’ लिहिलेले दिसेल, पण ते आता जुने झाले. आठ आलेत, आणि काम अजून चालू आहे.